कागदावर न मावलेली ओळ

७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

माझं अक्षर पाहून दचकू नका. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे जेवणखाण चाललंय, ताप-खोकला कुणाला नाही. त्याहून जास्त 'ठीक' मला म्हणवत नाही, म्हणून तर लिहायला बसले.

सोबतच्या खोक्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली औषधाची बाटली आहे. आत आहे तो काढा नव्हे, कॉम्प्रेसरमधलं तेल आहे. तुमच्या दादांनी भांड्यात काढून ठेवलं होतं, त्यातलं मी गुपचूप भरून घेतलं. तुमच्या प्रयोगशाळेत रोज तेलंच तपासतात ना? मग हेही एकदा बघा आणि याचं काय बिघडलंय ते मला कळवा. फोन करू नका. दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये नुसता एक पडदा. इथे भाजी चिरली तरी तिकडे ऐकू जातं.

झालं असं, की गेल्या वर्षी इस्पितळाच्या रक्तपेढीच्या थंड खोलीचं काम यांच्याकडे आलं. यंत्रात थंडावा आणणारा जुना गॅस आता बंद झाला, तो वर जाऊन ओझोनला खातो म्हणे. म्हणून त्याच यंत्रावर नवा गॅस चढवायचा होता. यांनी आठ दिवस खपून काम केलं. पाच महिने खोली छान चालली आणि मग कॉम्प्रेसर जळला. आतली मोटार नव्या तारा गुंडाळून बांधून आणली, बसवली, तीही सहा महिन्यांत गेली. या वेळी गेली ती सुट्टीच्या दिवशी. कुणाच्या लक्षात येईपर्यंत आत उबारा झाला होता. रक्ताच्या एकतीस पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. नेमकं त्याच दिवशी एका बाळंतिणीला रक्त हवं होतं. तिला गाडीत घालून दुसऱ्या इस्पितळात न्यावं लागलं. वाचली ती. पण यांनी तिच्या नवऱ्याला जिन्यात पाहिलं. तेव्हापासून हे जेवायला बसतात आणि ताटाकडे न बघता उठतात.

आता तिसऱ्यांदा मोटार बांधायला दिली आहे. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही शेवटची वेळ. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं, पण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

जळलेला कॉम्प्रेसर उघडून यांनी मला दाखवला. आतल्या लोखंडी दांड्यावर तांब्याचा लालसर थर, जणू कुणी मुलामा दिलाय. म्हणाले, "लोखंडाचं तांबं कसं होतं ग? छत्तीस वर्षांत असं पाहिलं नाही." मी म्हटलं, सोनं झालं असतं तर बरं होतं. हसले नाहीत.

तुमचं नि यांचं सहा वर्षं बोलणं नाही. कशावरून, ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. पण ही बाटली मी आणखी कुणाकडे पाठवू? तेलातलं कळणारं दुसरं कोण आहे आपल्यात?

पडद्याआडून,
तुमची वहिनी


१६ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

बाटली मिळाली. आज मधल्या सुट्टीत एकच चाचणी केली, आम्लाची. तेलात आम्ल आहे आणि भरपूर आहे. असं आम्ल मोटारीच्या तारांवरचं वार्निश खातं, तारा एकमेकींना टेकतात आणि कॉम्प्रेसर जळतो. बाकीच्या चाचण्यांसाठी बाटली रांगेत लावली आहे, पण त्यांच्यासाठी थांबायची मला गरज वाटत नाही. कारण उघड आहे.

गॅस नळ्यांतून फिरायला निघतो तेव्हा कॉम्प्रेसरमधलं थोडं तेल बरोबर नेतो आणि फिरून आला की परत आणून सोडतो. जुन्या गॅसमध्ये खनिज तेल विरघळायचं, म्हणून ते परत यायचं. नव्या गॅसमध्ये ते विरघळत नाही. लांबच्या थंड नळ्यांत जाऊन बसतं आणि इकडे कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून नव्या गॅसला कारखान्यात तयार केलेलं एस्टर जातीचं तेल लागतं. दादाने गॅस नवा भरला आणि तेल जुनंच ठेवलं, किंवा त्यातच थोडं नवं ओतून भागवलं. दुसरं काही असू शकत नाही.

मला याचं आश्चर्यही वाटत नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने मेकॅनिक लोकांची सभा भरवली होती, नवे गॅस आणि नवी तेलं समजावून द्यायला. बोलणार होते मी. दादा पहिल्या रांगेत होता. दोनशे माणसांत उभा राहून त्याने मला विचारलं, "तीस वर्षं एकच तेल घालतोय, कुठे काय बिघडलं?" मी काय उत्तर दिलं ते त्याने तुम्हाला सांगितलंच असेल.

त्याला माझं नाव न सांगता एवढंच सांगा, की जुनं तेल पूर्ण काढून टाक. ऐकेल असं वाटत नाही.

तुमची नणंद


२४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे लपवलं. राग आला आहे, पण तो शेवटी ठेवते. आधी कामाचं.

जुनं तेल आमच्या दुकानात नाही. त्याचा शेवटचा डबा मी स्वतः भंगारवाल्याला दिला, वर्ष होऊन गेलं. इस्पितळाचं काम आलं तेव्हा हे दोन गावं फिरून नव्या तेलाचा डबा घेऊन आले. निळा, वीस लिटरचा, तुमच्याच कंपनीचा. लहान डबे मिळतच नाहीत म्हणे इकडे. रक्तपेढीला त्यातलंच घातलं, दोन्ही वेळा. अजून तळाला तीन-चार लिटर आहे. त्यातलंही थोडं पाठवतेय, दुसऱ्या बाटलीत. या वेळी काठोकाठ भरलं आणि बुचावर मेणबत्ती वितळवून ओतली, म्हणजे वाटेत सांडायला नको.

आणि डबा म्हणाल तर यांनी तो लेकरासारखा जपलाय. नरसाळं त्यातच ठेवतात आणि तोंडावर धुतलेलं फडकं बांधतात, धुळीचा कण जाऊ नये म्हणून. ते फडकं दर आठवड्याला मला धुवायला लावतात.

यांच्या बाकावर भिंतीला एक कागद आहे, प्लास्टिकमध्ये घालून चार खिळ्यांनी ठोकलेला. काम करताना हे त्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचतात आणि मग एकेक करतात. त्यावरच्या ओळी इथे उतरवून पाठवते, म्हणजे तुम्हाला कळेल यांनी काय केलं. गॅस बदलला की तेल बदला. जुनं तेल पूर्ण काढा, तळाशी वाटीभर राहतं तेही काढा. थोडं नवं तेल घालून यंत्र चालवा, काढा, पुन्हा घाला, असं तीनदा. दोन तेलं कधीही मिसळू नका. तेल किती घट्ट हवं ते कॉम्प्रेसरवर लिहिलेलं असतं, तेच घ्या. फिल्टर नवा बसवा. आणि शेवटची ओळ, भांडी, नरसाळं, हात: पुसा, पुन्हा पुसा, मग काम. अशा सात ओळी. तीनदा लिहिलंय तिथे यांनी चारदा केलं. मी मोजलंय, कारण तेल काढायची परात माझी होती.

आता राग. सभेत तुम्ही काय बोललात ते यांनी मला कधीच सांगितलं नाही. त्या दिवशी लवकर घरी आले. मी विचारलं, कशी झाली सभा? म्हणाले, "बारकी छान बोलते." एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले. वन्सं, बाटली तुमच्याकडे होती. तपासायच्या आधी तुम्ही माणसाचा निकाल लावून टाकलात.

तरीही तुमचीच,
वहिनी


१७ मार्च

वन्सं,

तीन आठवडे झाले. माझं शेवटचं वाक्य जास्त तिखट झालं असेल तर पाणी प्या आणि उत्तर द्या.

मोटार बांधून आली आहे आणि दुकानात तशीच पडून आहे. हे ती बसवायला जात नाहीत. काल बर्फाच्या कारखान्याचा मालक आला होता. त्यांच्या फाटकावर माणूस हवाय, गाड्यांची नोंद करायला. हे त्याला "बघतो" म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना "होईल" नाहीतर "होणार नाही" एवढंच सांगितलं, तो "बघतो" म्हणाला. तो गेल्यावर मला म्हणाले, "हाताचा गुण गेला माझा. कागदात सांगितल्याप्रमाणे केलं तरी जळतंय, म्हणजे दोष माझ्याच हातात."

डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. तोवर रक्त बर्फाच्या पेट्यांत घालून शेजारच्या गावाहून आणतात.

काय ते लिहा. वाईट असलं तरी चालेल.

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

तुमचं वाक्य तिखट नव्हतं, खरं होतं. मी गप्प बसले ते त्यामुळे नाही. तुम्ही उतरवून पाठवलेल्या सात ओळी वाचल्या म्हणून.

तो कागद माझा आहे. सभेनंतर महिनाभराने मी तो लिहिला आणि कंपनीने यादीतल्या सगळ्यांना पाठवला. खाली नाव कंपनीचं होतं. यादीत दादाही होता. माझी खात्री होती, की त्याने तो फाडून टाकला असेल.

आता निकाल. दोन्ही बाटल्यांत खनिज तेलाचा थेंबही नाही. तेल योग्य जातीचं आहे, घट्टपणाही बरोबर आहे. दादाने काहीही चुकीचं घातलेलं नाही. पण नव्या डब्यातल्या तेलात दहा लाख भागांत पन्नासच्या आत पाणी असायला हवं, तुमच्या डब्यातल्या तेलात बाराशे भाग आहे. तुम्ही बुचावर मेण ओतलंत म्हणून मी खात्रीने सांगू शकते, की ते पाणी वाटेत शिरलेलं नाही. डब्यातच होतं.

हे तेल हवेतली ओल पितं. दमट दिवसांत मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ पाझरतं, तसंच. फरक एवढाच, की मीठ ओलं दिसतं आणि हे तेल बाराशे भाग पाणी पिऊनही नितळ दिसतं. फडक्याने धूळ अडते, ओल अडत नाही. पहिल्या कामाच्या आठ दिवसांतच डबा ओल प्यायला लागला असणार. जुन्या खनिज तेलाचा डबा वर्षभर तसा ठेवला तरी फार बिघडत नाही, म्हणून सगळ्या मेकॅनिकांना तीच सवय. पाणी प्यायलेलं हे तेल गरम कॉम्प्रेसरमध्ये गेलं की त्याचं आम्ल होतं. ते आम्ल नळ्यांतलं तांबं थोडं थोडं विरघळवतं आणि आतल्या तापलेल्या लोखंडावर नेऊन चढवतं. तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतंत, लोखंडावर तांब्याचा मुलामा. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी तिथेच ओळखलं असतं. दादाचं होतं म्हणून मी पुढे वाचत गेले.

आता सगळ्यात वाईट. माझ्या मूळ कागदात आठ ओळी होत्या. साहेब म्हणाले, एका बाजूवर मावलं पाहिजे. सातच मावत होत्या. मी आठवी गाळली. ती अशी होती: डबा उघडला की त्याच दिवशी संपवा, उरलेलं पुन्हा वापरू नका, हे तेल हवेतलं पाणी पितं. मला वाटलं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला? माझ्या खोलीत बसणाऱ्या सहा जणांना.

साहेबांकडे गेले होते. म्हटलं, ज्यांना ज्यांना कागद गेलाय त्यांना कळवू या. ते म्हणाले, सहा वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरता? मी परत आले आणि जागेवर बसले. तीन आठवडे नुसती बसले.

आणि सभेतलं माझं उत्तर. मी म्हटलं होतं, "ज्यांना शिकायचं नाही त्यांनी बाहेर जाऊन चहा घ्यावा, बिस्किटं चांगली आहेत." सगळं सभागृह हसलं. दादा उठून गेला. मला वाटलं, जिंकले.

वेगळ्या खोक्यात अर्ध्या लिटरचे आठ सीलबंद डबे पाठवतेय. आतलं सगळं तेल काढायचं, नवं घालून धुवायचं, तेही काढायचं. फिल्टर या वेळी दोनदा बदलायचा. पंप लावून आतली हवा आणि ओल दिवसभर ओढायची. मग पंप बंद करून अर्धा तास दाबमापकाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा चढला तर आत अजून ओल आहे, पुन्हा पंप. काटा हलला नाही तरच शेवटचे डबे उघडायचे आणि उघडल्याबरोबर भरायचं. उरलं तर टाकून द्यायचं.

एक विनंती आहे. हे सगळं ओळखीच्या एखाद्या दुकानदाराने सांगितलं म्हणा. सहा वर्षांनी माझ्याकडून त्याला पहिला निरोप जावा तो 'तुझं काम माझ्यामुळे दोनदा जळलं' असा, एवढं धैर्य माझ्यात नाही.

नणंद


६ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमची विनंती मी मोडली. ज्या घरात मिठाच्या बरणीचं झाकणसुद्धा कुणी उघडं टाकलं हे सगळ्यांना माहीत असतं, तिथे मी कुठला दुकानदार पैदा करू?

दुपारी जेवणानंतर हे बाकावर पाना पुसत बसले होते. मी पडदा सारला, स्टूल ओढलं आणि तुमचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. बिस्किटांसकट. हे मान वर न करता ऐकत होते. मग म्हणाले, "पाण्याचं पुन्हा वाच." वाचलं. "किती म्हणाली? बाराशे?" "बाराशे." उठले, निळ्या डब्याशी गेले, फडकं सोडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. "काहीच दिसत नाही ग," म्हणाले. "कसं नितळ आहे."

मी म्हटलं, "कागद वन्संचा होता म्हणे."

"ते मला आला त्या दिवसापासून ठाऊक आहे. 'पुसा, पुन्हा पुसा' असं दुसरं कोण लिहिणार? शाळेची पाटी अशीच पुसायची, भोक पडेस्तोवर."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"तू कधी विचारलंस?"

वन्सं, मला वाटलं होतं, राहिलेल्या ओळीवरून आता घर डोक्यावर घेतील. तसं काही झालं नाही. म्हणाले, "ओळ राहते. माझ्या हातूनही एखादा बोल्ट राहिलाय कधीकधी." राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पाना ठेवला तो आपटून. "पण बाटली समोर असून, न तपासता म्हणाली, दादाने जुनं तेल घातलं?" याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर त्यांनाच द्या.

दुसऱ्या दिवसापासून मात्र माणूस बदलला. फाटकाच्या नोकरीला नाही सांगून आले, मोटार बसवली आणि तुमच्या तेलाने यंत्र आतून धुऊन घेतलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं इस्पितळात गेलो, मीही. मला घड्याळ घेऊन बसवलं होतं. रक्तपेढीच्या मागे एक अरुंद बोळ आहे, तिथे यंत्र आहे. दिवसभर पंप घरघरत होता. नर्सबाई दोनदा येऊन चहा देऊन गेल्या. ऊन उतरलं तेव्हा यांनी पंप बंद केला आणि म्हणाले, "लाव घड्याळ." आम्ही दोघं त्या काट्यापुढे उकिडवे बसलो. लग्नात फोटो काढताना बसलो होतो तसे, श्वास धरून. अर्धा तास झाला. काटा जिथल्या तिथे. खिशातून धुतलेलं फडकं काढलं, हात पुसले, पुन्हा पुसले आणि राखून ठेवलेल्या डब्यांतला पहिला फोडला.

आता खोली चार अंशांवर आहे. हे रोज संध्याकाळी जाऊन बघून येतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही तरी.

आणखी एक. हे गेल्या आठवड्यात ओळखीच्या चार दुकानांत जाऊन आले. चारही ठिकाणी तुमचा कागद भिंतीवर, चारही ठिकाणी डबा उघडा. एकाच्या डब्याला तर झाकणच नव्हतं, वर वर्तमानपत्र. दोघांचे कॉम्प्रेसर जळलेत आणि दोघंही मोटार बांधणाऱ्याला शिव्या देतात. घरी येऊन म्हणाले, "चौघांना मी सांगितलं. त्या सभेत दोनशे जण होते. बाकीच्यांकडे काय मी सायकलवर जाऊ?"

हे तुम्हाला लिही असं ते म्हणाले नाहीत. पण मी लिहितेय हे बघून पडद्यातून दोनदा डोकावून गेले.

तुमची,
वहिनी


२५ एप्रिल

दादा,

वहिनींमार्फत बोलायचं आता पुरे झालं.

तू विचारलंस, की बाटली समोर असून मी न तपासता कसं म्हटलं. याला कारण नाही दादा, सवय आहे. सभेत तू उभा राहिलास तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, की तू हटवादी आहेस. नंतर ते बदलायला मला वेळ झाला नाही. अनोळखी माणसाची बाटली आली की मी दोनदा तपासते. तुझी आली तेव्हा मला वाटलं, आतलं मला माहीतच आहे. चुकले. सभेतही चुकले. हे मी सहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

साहेबांकडे पुन्हा गेले. ते म्हणाले, कंपनी 'चूक झाली' असं छापत नसते. 'सुधारित आवृत्ती' काढू, तीही पुढच्या वर्षी. मी जुनी यादी घेतली, दोनशे चौदा नावं. आठवी ओळ हाताने लिहिली, ती आधी का गाळली गेली ते लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि प्रती काढून सगळ्यांना पाठवल्या. पाठवून झाल्यावर मग साहेबांना सांगितलं.

मला सभांचं काम आता नाही. नमुन्यांच्या खोलीत बसवलंय, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. खोली बरी आहे, खिडकीतून झाड दिसतं. तुझ्या डोक्याला याचा ताप नको. हे मी तुला चढवून सांगत नाही, वहिनी विचारतील म्हणून सांगतेय.

सदतीस उत्तरं आलीत. नऊ जणांचे कॉम्प्रेसर गेले होते. एकाने लिहिलंय, "बाई, तुमच्या एका ओळीपायी मी माझ्या भावाला दुकानातून काढलं, काम नीट करत नाही म्हणून." ते पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलंय. रोज काढून वाचते असं नाही, पण ते तिथे आहे हे मला माहीत असतं.

पत्रकं लिहायचं काम अजून माझ्याकडेच आहे, कारण इतरांना त्याचा कंटाळा. पुढचं पत्रक त्या पेटणाऱ्या गॅसवर आहे, स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा. हवेला याचा सगळ्यात कमी त्रास. ओझोनला धक्का नाही आणि उष्णताही फार धरून ठेवत नाही, म्हणून पुढे जिकडेतिकडे हाच येणार. याच्याबरोबर जुनं खनिज तेलही चालतं, पण हा गॅस त्यात इतका विरघळतो की तेल पातळ होऊन जातं. म्हणून नेहमीपेक्षा घट्ट तेल निवडायचं, आणि ते कसं निवडायचं, एवढं मी लिहिलंय. कच्चा कागद सोबत आहे. छापायच्या आधी वाचशील? मी काय बरोबर लिहिलंय ते नको सांगूस. काय लिहिलं नाही ते सांग.

तुझी धाकटी बहीण


३ जून

बारके,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण मला लिहायची सवय नाही. तुझी वहिनी "मी लिहून देते" म्हणाली. म्हटलं, नको, तू मीठ-मसाला घालशील.

थंड खोली चार अंशांवर आहे, आज सहासष्ट दिवस झाले. मध्ये एकदा चाचणीचा संच विकत आणला आणि थोडं तेल काढून तू केली होतीस ती आम्लाची चाचणी केली. रंग बदलला नाही, म्हणजे आम्ल नाही. डॉक्टरीणबाई काही बोलत नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणजे काम चांगलं आहे.

तुझ्या कंपनीच्या निळ्या डब्यावर आता चिठ्ठी आली आहे, 'उघडल्यावर त्याच दिवशी वापरा'. अक्षर इतकं बारीक आहे की मला भिंग घ्यावं लागलं. पण आली. साहेबांना सांग, दिसली म्हणून. आणि अर्ध्या लिटरचे डबे आता इकडच्या दुकानातही मिळतात.

सभेचं एकदाच सांगतो, पुन्हा काढायचं नाही. मी वाद घालायला उठलो नव्हतो. मागच्या रांगांत सगळे तोच प्रश्न कुजबुजत होते, इतकी वर्षं काही बिघडलं नाही तर आता तेल का बदलायचं म्हणून. तुला विचारायची कुणाची छाती होईना. तू बोलत होतीस तसं बोलणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मी म्हटलं, आपली बारकी आहे, मी विचारतो, मला काही रागावायची नाही. मला उत्तर ऐकायचं होतं. बाहेर जाऊन बिस्किट खाल्लं. नरम पडलेलं होतं.

राग होता. आता थोडाच उरलाय, तो राहू दे. भावाबहिणीत एवढा असावा.

ज्याने भावाला दुकानातून काढलं, त्याचा पत्ता पाठव. जवळचा असेल तर मी जाऊन भेटेन. तुझ्या कागदाने झालं ते तुझ्या कागदाने मिटणार नाही, समोर बसून बोलायला लागेल. ते मला जमेल.

आता तुझा नवा कागद. चार वेळा वाचला. तेलाचं बरोबर असेल, त्यात मी बोलणार नाही. पण तू म्हणतेस, हा गॅस तेलात खूप विरघळतो. मग यंत्रातला सगळा गॅस काढून घेतला तरी तेलात थोडा राहणारच ना? कॉम्प्रेसर उघडून ते तेल मी परातीत काढलं की गॅस त्यातून हळूहळू निघत राहणार. परात असते बाकाखाली आणि बाकावर नळ्या डाग देऊन जोडायचा, ज्योतीचा टॉर्च पेटलेला. माझाच नाही, सगळ्यांचा असतो. वासाचंही सांग. स्वयंपाकाच्या गॅसला वास घालतात, याला घालतात का? नाही तर कळणार कसं? आणि काढलेलं तेल किती वेळ उघड्यावर ठेवलं म्हणजे निर्धास्त व्हायचं, एक तास की एक दिवस? हे तुझ्या कागदात कुठेच नाही. घट्ट तेल कुठलं हे आम्ही नंतर वाचू, आधी दुकान तर उभं राहायला हवं.

अजून अकरा प्रश्न आहेत. ते मागच्या पानावर लिहिलेत, अक्षर लावून वाच. काही मूर्खासारखे वाटतील. तरी उत्तर दे.

आणि लवकर दे. तोवर मी टॉर्च बाहेर पायरीवर नेऊन ठेवलाय आणि तिथेच उन्हात बसून जोडकाम करतोय. तुझी वहिनी सकाळपासून दोनदा विचारून गेली, दुकान हलवताय का म्हणून.

दादा